पाचला दहा कमी

“पेपर तपासून झाले का, सर?”

आयझॅक टॉलिव्हरनं मला जिन्यातच गाठलं. अंगात दोन बटणं तुटलेला ओव्हरकोट, लोकरी टोपीवर बर्फ आणि काखेत ड्रॉइंगची लांब नळी. इंजिनिअरिंगच्या त्या चार मजली इमारतीत काळा विद्यार्थी तो एकटा आणि हिंदुस्थानी माणूस मी एकटा, त्यामुळे आमची गाठ जरा जास्तच वेळा पडायची.

“झाले कालच,” मी म्हणालो.

“माझा?”

मार्क आधी सांगायचे नाहीत असा नियम होता. पण त्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही. “छान गेलाय तुझा. निर्धास्त राहा.”

“नक्की?”

“अरे, मी तपासलाय ना? मग?”

त्यानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “आईला फोन करतो. आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरलेला नाही,” असं म्हणत तो दोन-दोन पायऱ्या गाळत खालच्या फोनबूथकडे पळाला. मी शीळ घालत वर गेलो. एखाद्याला चांगली बातमी दिली की माणूस स्वतःवरच खूश होतो, तसा मी होतो.

ही गोष्ट जानेवारी १९६७ची. मी मुकुंद लिमये, वय वर्षं चोवीस, सांगलीहून अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका सरकारी विद्यापीठात एम.एस. करायला आलेला. स्टेशनवर हार घालून घेऊन निघालो होतो. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो छापून आला होता आणि त्या फोटोच्या जोरावर माझ्या धाकट्या बहिणीला बरी स्थळं सांगून येऊ लागली होती. विद्यापीठानं मला शिकवण्यात मदत करायचं काम दिलं होतं. ते काम होतं म्हणून फी माफ होती आणि फी माफ होती म्हणून मी तिथं होतो. काम गेलं की व्हिसाही गेला, इतकं ते सरळ होतं.

प्रोफेसर लिंडक्विस्ट स्टॅटिक्स शिकवायचे. पूल, छपराच्या कैच्या, भिंती यांच्यावर कुठं किती जोर येतो ते काढायचा हा विषय. मी त्यांच्या वह्या तपासायचो. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांचं अपेंडिक्स फुटलं आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथून त्यांनी मला फोन केला. आवाज अगदी खोल गेला होता.

“पेपर तूच तपास, मुकुंद. तुझे पेपर जसे तपासले गेले तसेच. माझा तुझ्यावर विश्वास आहे.”

आता माझे पेपर कसे तपासले गेले होते? आमचे गद्रे मास्तर म्हणायचे, “मार्क म्हणजे दक्षिणा नव्हे, लिमये, की आला ब्राह्मण आणि घातली ओंजळीत.” त्यांच्या हातून साठ मिळाले की पेढे वाटायचे. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असेल तर ते लाल शाईनं ‘रीत?’ एवढंच लिहून मार्क कापायचे. त्या कडकपणाचा आम्हाला भारी अभिमान होता. मी चौतीस पेपर अगदी गद्रे मास्तरांसारखे तपासले. आयझॅकला शंभरपैकी अठ्ठावन्न दिले. फर्स्ट क्लासला दोन कमी. मला वाटलं, पोरगं झकास निघालं.

त्या अठ्ठावन्नावर काय टांगलेलं आहे तेही मला ठाऊक होतं. व्हिएतनामची लढाई जोरात होती. तरुण मुलगा कॉलेजात पूर्णवेळ शिकत असेल, पास होत असेल, तर त्याला सक्तीच्या लष्करभरतीतून सवलत होती. एक विषय गेला, क्रेडिटं कमी पडली, की विद्यापीठ त्याच्या गावच्या ड्राफ्ट बोर्डाला पत्र टाकायचं. हे बोर्ड म्हणजे गावातलेच चार-पाच वजनदार लोक. कोणाच्या पोराला फौजेत धाडायचं आणि कोणाच्या नाही, ते हेच ठरवायचे.

आयझॅक मिसिसिपीतल्या एका खेड्यातला. त्याचे वडील एकोणीस वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. पासष्ट साली ते कचेरीत जाऊन मतदार यादीत नाव घालून आले आणि दुसऱ्या दिवशी मालकानं त्यांना कामावरून काढलं. तो मालकच गावच्या ड्राफ्ट बोर्डाचा अध्यक्ष.

“ते माझ्या एका एफची वाट बघत बसलेत, सर,” आयझॅक मला एकदा कँटीनमध्ये म्हणाला होता. एफ म्हणजे नापास. “वडिलांना त्यांनी शिक्षा दिली, पण त्यांचं पोट भरलेलं नाही.”

मला त्याला जास्त काही विचारावं लागलं नाही. गावकीच्या बैठकीत कोण बसतं आणि कोण पायरीखाली उभं राहतं हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. आमचं घर बसणाऱ्यांपैकी होतं, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी निकाल लागला. मी खोलीत पाय टाकतो न टाकतो तोच तो दारात उभा. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुम्ही म्हणालात, छान गेलाय.”

“हो. मग?”

“मला एफ आहे, सर.”

मी हसलोच. “काहीतरी घोटाळा झालाय. अठ्ठावन्न आहेत तुला.”

“अठ्ठावन्नला एफच असतो,” तो म्हणाला. तो माझ्या तोंडाकडे असा बघत राहिला की मी खुर्चीवरून उठलो आणि त्याला तिथंच सोडून ऑफिसात धावलो.

डव्होराक बाई आमच्या विभागाच्या सेक्रेटरी. पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, टाइपरायटरसमोर कायम एक डोनट ठेवणाऱ्या.

“अठ्ठावन्न म्हणजे वाईट का हो?” मी विचारलं.

“वाईट?” त्यांनी चष्मा वर सरकवला. “नव्वदच्या वर ए, ऐंशीला बी, सत्तरला सी, साठला डी. त्याच्याखाली बुडाला. तक्ता इथं काचेखालीच आहे की. मी तुमचे आकडे बघून अक्षरं टाइप केली.”

“आमच्याकडे पस्तीसला पास असतो.”

त्यांचा हात डोनटवरच थांबला. “आणि साठला?”

“फर्स्ट क्लास.”

“अरे देवा,” डव्होराक बाई म्हणाल्या.

चौतीसांपैकी सात जण बुडाले होते; बाकीचे वर्गातली रीत जशीच्या तशी गिरवून माझ्या लाल शाईतून सुटले होते. कोणाला त्याचं आश्चर्यही वाटलं नव्हतं, कारण स्टॅटिक्स दरवर्षी पाच-सहा जणांना खायचाच. बाकीच्या सहांपैकी दोघं लष्करातून परत आलेले होते, उरलेल्यांची क्रेडिटं भरपूर होती. त्यांनी विषय पुन्हा घेतला की काम झालं. फास बसणार होता तो एकट्या आयझॅकला.

“शुक्रवारी संध्याकाळी पाचला रजिस्ट्रारची खिडकी बंद होते,” बाई म्हणाल्या. “बोर्डांची पत्रं त्याच टपालानं जातात. त्याच्या आत मार्क बदलायचा फॉर्म तिथं पोचला तर पत्र जाणार नाही. फॉर्मवर कारण लिहायचं आणि तपासणाऱ्याची सही. पण आधी डॉक्टर हारग्रोव्हना भेटा.”

डॉक्टर हारग्रोव्ह विभागप्रमुख. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी मला बसवलं, स्वतः कॉफी ओतून दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

“गैरसमज समजू शकतो,” ते म्हणाले. “पण तक्ता सगळ्यांना लागू आहे. वेगळ्या देशाच्या मोजपट्टीनं तपासला, हे कारण मला फॉर्मवर चालणार नाही. पेपर तपासण्यात खरोखर चूक झाली असेल तर तसं लिहा: ‘तपासणाऱ्याची चूक.’ खाली तुमची सही. मी लगेच मंजूर करीन.”

“चूक नसेल तर?”

“तर तो नापास आहे.” त्यांनी कप खाली ठेवला. “आणखी एक. तो कागद तुमच्या फाइलला लागतो. फेब्रुवारीत समिती बसेल, पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं ते ठरवायला. मी धमकी देत नाही, मिस्टर लिमये. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.”

आयझॅक अजून माझ्या खोलीतच उभा होता. बसलासुद्धा नव्हता. मी त्याला म्हणालो, “पेपर पुन्हा तपासतो. शुक्रवारच्या आत.”

“दोन मार्क सापडतील, सर?”

“असतील तर सापडतील.”

“नसतील तर देऊ नका,” तो म्हणाला. “भीक म्हणून नकोत. त्या लोकांना ते कळलं तर वडिलांना तोंडावर बोलतील.” एवढं बोलून तो गेला आणि दोन मिनिटांत परत येऊन दारातून म्हणाला, “पण नीट शोधा.”

गुरुवार आणि शुक्रवार मी दुसरं काही केलं नाही. जेवण जात नव्हतं. खिडकीतून समोरची प्रशासनाची इमारत दिसायची. तिच्या पायऱ्यांवर बुधवारपासून विद्यार्थी ठाण मांडून बसले होते. ‘आमचे मार्क, आमचे मुडदे’ असलं काहीतरी लिहिलेले पुठ्ठे, गिटार, घोंगड्या. विद्यापीठानं ड्राफ्ट बोर्डांना मार्क कळवू नयेत एवढंच त्यांचं म्हणणं. गावातले लोक मोटारीतून जाताना काचा खाली करून त्यांना शिव्या द्यायचे. आमच्या घरमालकीणबाई मला म्हणाल्या होत्या, “तुमच्या देशात असली पोरं नसतील.” मी होकारार्थी मान डोलावली होती. परदेशात पाहुण्यानं यजमानांच्या भांडणात पडू नये, असं वडिलांनी निघताना बजावलं होतं. ते वाक्य मला फार सोयीचं पडायचं.

आयझॅकचा पेपर मी पुढ्यात घेतला. तिसऱ्या प्रश्नात मी सहा मार्क कापले होते, पाचव्यात सहा. दोन्हीकडे माझ्याच अक्षरात लाल शाईनं ‘रीत?’ लिहिलेलं. मराठीतच. वर्गात समीकरणांची रीत शिकवलेली आणि हा पठ्ठ्या पट्टी घेऊन कैचीवरचे जोर कागदावर आखत गेलेला, रेघेला रेघ जोडत, आणि शेवटची रेघ सुरुवातीच्या टिंबाला अचूक मिळवलेली. दोन्ही उत्तरं बरोबर. प्रश्नपत्रिकेवर लिंडक्विस्टनी छापलं होतं, ‘कोणत्याही रीतीनं सोडवा.’ ते मी वाचलंच नव्हतं. गद्रे मास्तरांच्या वर्गात असं वाक्य कधी छापलं जात नसे.

मी जाऊन आयझॅकला वसतिगृहातून बोलावून आणलं.

“हे कुठं शिकलास?”

“गावी. आमच्या शाळेत, सर. गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली पुस्तकं आमच्याकडे यायची. एक जुनं पुस्तक होतं, पन्नास वर्षांपूर्वीचं. त्यात सगळं असं आखूनच होतं. आमच्या मास्तरांना तेवढंच येत होतं, मलाही तेच येतं.” मग घाबरून म्हणाला, “चूक आहे का ते?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

सहा आणि सहा बारा. अठ्ठावन्न आणि बारा सत्तर. सी. पास.

मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपका घातला. भीक नाही, दया नाही, त्याचेच मार्क होते ते. बाकीचे पेपरही मी पुन्हा पाहिले. आणखी दोघांचे दोन-तीन मार्क वाढले, पण पास होण्याइतके नाहीत. शुक्रवारी दुपारी चारला मी फॉर्म भरला. कारण: तपासणाऱ्याची चूक. हारग्रोव्हसाहेबांनी वाचून सही केली. तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. ती रजिस्ट्रारच्या माणसासमोर करायची असते, असं ते म्हणाले. आयझॅकला त्याच्या जेवणघरातल्या कामावर जायचं होतं.

“मी येऊ का बरोबर?” त्यानं विचारलं.

“तू कशाला? जा तू. सहा वाजता तुझ्या कामावर येऊन सांगतो.”

त्यानं माझा हात हातात घेतला, हलवला नाही, नुसताच धरून ठेवला. मग मी कोट चढवून निघालो.

रजिस्ट्रारच्या खिडकीशी गेलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी बंद. आतला माणूस टेबल आवरत होता. काचेवर टकटक केली तर त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पत्रांची थैली गेली होती.

मी डव्होराक बाईंना सांगितलं की पायऱ्यांवर पोरांची इतकी गर्दी होती की वाट मिळेना. बाईंनी रुमालानं डोळे पुसले. सहाला मी आयझॅकच्या जेवणघराकडे गेलो नाही. सोमवारी हारग्रोव्ह म्हणाले, “आता पत्र गेलंच आहे, तर लिंडक्विस्ट येईपर्यंत थांबा.” तीन आठवड्यांनी लिंडक्विस्ट काठी टेकत आले, त्यांनी पेपर बघितला आणि स्वतःच्या सहीनं त्याचा सी करून टाकला. पण गावच्या बोर्डानं तोवर त्याचं वर्गीकरण बदलून हुकूम काढला होता. एकदा हुकूम निघाला की मार्क बदलल्याचं दुसरं पत्र वाचायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. त्यांनी ते वाचलं नाही.

जायच्या आधी आयझॅक माझ्या बिऱ्हाडी आला. दुपारची वेळ होती. घरमालकीणबाईंनी दार उघडलं, त्याला दारातच उभं केलं आणि मला हाक मारली. मी खाली गेलो. आम्ही अंगणातल्या बर्फात उभे राहून बोललो. वर चल म्हणायचं धाडस मला झालं नाही.

“डव्होराक बाईंनी सांगितलं मला,” तो म्हणाला. “दोन दिवस जेवला नाहीत. पळत गेलात. दहा मिनिटांनी हुकलं.”

मी बुटानं बर्फ उकरत होतो.

“आमच्या गावात माझ्यासाठी कोणी कधी पळालेलं नाही, सर. म्हणून म्हटलं, सांगून जावं.”

त्यानं ओव्हरकोटाच्या खिशातून त्याची स्लाइड रूल काढली. कॅलक्युलेटर येण्यापूर्वी आम्ही इंजिनिअर लोक जिच्यावर गुणाकार-भागाकार करायचो ती सरकती पट्टी. चामड्याच्या म्यानात होती आणि म्यानावर त्यानं खिळ्यानं नाव कोरलं होतं.

“ही ठेवा. तिकडे ओली होईल. परत आलो की नेतो.”

मी ती घेतली.

सत्तर साली मी परत आलो. एम.एस. झालं, वर वर्षभर तिकडे नोकरीही झाली. फाइल स्वच्छ होती ना. बहिणीचं लग्न थाटात झालं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलो आणि चौतीस वर्षं शिकवलं. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला मी एक गोष्ट सांगायचो: दहा मिनिटांची किंमत. त्यात आयझॅक असायचा, बर्फ असायचा, पायऱ्यांवरची गर्दी आणि बंद खिडकी असायची. मी चांगलं सांगायचो. पोरं गप्प बसून ऐकायची, कधीकधी शेवटी टाळ्या वाजवायची. त्या तासाला उशिरा यायची कोणाची छाती नव्हती. निवृत्तीच्या समारंभात एका माजी विद्यार्थ्यानं तीच गोष्ट मला ऐकवली आणि म्हणाला, “सरांनी आम्हाला वेळ पाळायला शिकवलं.” मी शाल सावरत हात जोडले.

माझी मुलगी शुभदा वॉशिंग्टनजवळ राहते. तिथं व्हिएतनामात मेलेल्या शिपायांची नावं कोरलेली लांबलचक काळी भिंत आहे. मी तीनदा तिच्याकडे गेलो आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, “बाबा, चला ना, तुमच्या आयझॅकचं नाव आहे का बघू.” पहिल्यांदा माझा गुडघा दुखत होता, दुसऱ्यांदा मला सर्दी होती, तिसऱ्यांदा काय होतं आठवत नाही. चौथ्या वेळेला तिनं मला विचारलंच नाही. गाडीत घातलं आणि नेलं. माझं वय त्र्याहत्तर.

भिंतीपाशी जायच्या वाटेवर एका स्टँडवर जाड पुस्तक ठेवलेलं असतं, सगळी नावं ओळीनं. शुभदा पानं उलटायला लागली. तिचं बोट खाली सरकत होतं आणि मला आमच्या कॉलेजातला निकालाचा बोर्ड दिसत होता, बोट लावून आपला नंबर शोधणारी पोरं. आयुष्यभर मी त्या बोर्डाच्या मागच्या बाजूला बसलो होतो. आज पहिल्यांदा पुढं उभा होतो.

“टॉलिव्हर... टॉलिव्हर आहेत बरेच,” ती पुटपुटली. “आयझॅक... थांबा हं.” तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. मग मान वर करून हसली. “नाहीये, बाबा! नाव नाहीये. सुटला तो!”

मी शेजारच्या बाकावर बसलो. तिला वाटलं आनंदानं बसलो. आनंद होताच, खोटं कशाला बोलू. अठ्ठेचाळीस वर्षांचा दगड छातीवरून उतरला होता. पण त्याच्याखाली दुसरा होता. मेलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. इतकी वर्षं मी मनाशी तो मेला असं धरून चाललो होतो आणि त्यातच माझी सोय होती.

शुभदा फोनवर काहीतरी टाइप करत होती. “मेम्फिसला एक आयझॅक टॉलिव्हर आहेत. अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त. गणिताचे शिक्षक होते. मिसिसिपीत जन्म. बाबा, हेच असतील! फोन लावू?”

“नको.”

“अहो, किती आनंद होईल त्यांना! सांगा ना, तुम्ही दर वर्षी मुलांना त्यांची गोष्ट सांगायचात. दोन दिवस न जेवता तुम्ही—”

“शुभदा, गर्दी नव्हती.”

“काय?”

“पायऱ्यांवर पोरं होती. पण माझ्या हातात फॉर्म बघून एक मुलगी ओरडली, मास्तरांना वाट द्या. सगळी पोरं बाजूला झाली. एकानं माझ्यासाठी दारसुद्धा उघडून धरलं.”

ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी सांगत गेलो. दारातून आत गेल्यावर एक बाक होता आणि बाकासमोर घड्याळ. त्याच्या पलीकडे खिडकी, उघडी. एक पेन साखळीनं बांधलेलं. मला फक्त सही करायची होती, तपासणाऱ्याची चूक, मुकुंद लिमये. मी म्हटलं, दोन मिनिटं बसू, दम घेऊ. बसल्यावर स्टेशनवरचे हार आठवले, वडील आठवले, बहिणीला बघायला येणारे लोक आठवले. फेब्रुवारीची समिती आठवली. काटा पुढं सरकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. खिडकीतल्या माणसानं एकदा मला विचारलंही, “तुम्हाला काही हवंय का?” मी म्हणालो, “नाही, मी कोणाची तरी वाट बघतोय.” खिडकी बंद झाली. मग मी दहा मिनिटं आणखी बसलो आणि उठून काचेवर टकटक केली.

शुभदानं हातातला फोन पर्समध्ये ठेवून दिला. तिनं माझा हातही धरला नाही. ते योग्यच होतं. मग एवढंच म्हणाली, “आईला माहीत होतं?”

“नाही.”

“पत्ता लिहून देते,” ती म्हणाली.

स्लाइड रूल मी प्रत्येक वेळी अमेरिकेला जाताना बॅगेत घेऊन जायचो आणि परत आणायचो. आत्ता ती शुभदाच्या जेवणाच्या टेबलावर आहे, शेजारी खोका आणि चिकटपट्टी. पत्राची चार पानं मी फाडली. पहिल्यात मी हवापाणी विचारलं होतं, दुसऱ्यात नातवंडांची चौकशी केली होती. तिसऱ्यात आणि चौथ्यात गद्रे मास्तर आले. पाचव्या पानावर आता एवढंच लिहिलंय:

“प्रिय आयझॅक, तुझी पट्टी परत करतोय. त्या शुक्रवारी मला उशीर झाला नव्हता. मी आत पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते.”

खाली सही करायची आहे.